रेशमाचे अक्षर, माणसाचे नाव

शब्दाला अर्थ असतो, तसा उच्चारही असतो. या दोहोंची गाठ इतकी घट्ट बसलेली असते की ती दोन निरनिराळी टोके आहेत, हे सहसा आपल्या ध्यानीही येत नाही. 'भाकर' हा शब्द कानी पडताच भाकर डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु कधी कधी ही गाठ सुटते. मग उच्चार ओठांवर राहतो आणि अर्थ दूर जातो, किंवा अर्थ हाती लागतो आणि उच्चार कोणालाच येत नाही. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला मिस्सेतील लॅटिन उत्तरे मुखोद्गत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) उपासना मराठीतून होऊ लागली. तोवर उच्चार त्यांच्या ओठांवर होता आणि अर्थ त्यांनी श्रद्धेवर सोपवलेला होता. याच्या उलट, अर्थ पुरता ठाऊक असूनही ज्याचा उच्चार करायला जीभ धजत नाही, असे शब्दही जगात आहेत.

अशा वेळी प्रश्न पडतो, की शब्द खरोखर कोणाजवळ असतो? अर्थ जाणणाऱ्याजवळ, की त्याचा उच्चार करणाऱ्याजवळ? वरवर पाहता हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचाही आहे. तो नीट उलगडावा म्हणून आम्ही एक दूरदेशीचे अक्षर निवडले आहे. शहापूर-मुरबाडच्या वाचकांचा चिनी लिपीशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. हा संबंध आहे, आणि तो किती जवळचा आहे, हे पुढे दिसेल.

एक विरळ अक्षर

चिनी लिपीत सहा फटकाऱ्यांनी लिहिले जाणारे एक लहानसे अक्षर आहे. वर दोन वळसे आणि खाली लोंबणारे तीन धागे, अशी त्याची साधारण आकृती. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कासवांच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर कोरलेल्या लेखांत त्याचे मूळ रूप सापडते. ते रूप म्हणजे पीळ दिलेल्या रेशमाच्या लडीचे चित्र. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन या पंडिताने 9,353 अक्षरांचा कोश सिद्ध केला. त्यात या अक्षराचा अर्थ 'बारीक रेशीम' असा दिला आहे. दहाव्या शतकातील भाष्यकार शू खाय अधिक खोलात जातो. एका किड्याच्या मुखातून निघणारा तंतू हे त्याच्या लेखी सर्वांत लहान माप. असे पाच तंतू एकत्र आले म्हणजे हे अक्षर होते आणि दहा आले म्हणजे पूर्ण रेशीम. पूर्ण रेशमाचे अक्षर लिहितानाही हेच अक्षर शेजारी शेजारी दोनदा मांडतात.

हा हिशेब निव्वळ पांडित्याचा नाही. रेशमाचा एक कोश उलगडला तर सुमारे 1,000 मीटर लांबीचा अखंड तंतू मिळतो. परंतु तो इतका तलम असतो की एकट्याने तो काहीच कामाचा नसतो. म्हणून कोश गरम पाण्यात सोडून, त्यांवरील डिंकासारखा चिकट अंश सैल करून, अनेक कोशांचे तंतू एकाच वेळी ओढून एक धागा काढतात. आपण ज्याला रेशमाचा एक धागा म्हणतो, तो मुळातच अनेकांचा मिळून झालेला असतो. त्या छोट्या अक्षरात ही गोष्ट आहे.

आता त्याचा उच्चार. आवाज वरून खाली झटकन उतरवत म्हटलेला 'मी'. मराठी कानाला तो थेट आपल्या 'मी'सारखा ऐकू येतो. हा केवळ योगायोग आहे आणि योगायोगावर तत्त्वज्ञान उभारू नये. तरी पाच तंतूंच्या जुळणीला कोणी 'मी' म्हणावे, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. दुहेरी अक्षराचा, म्हणजे पूर्ण रेशमाचा उच्चार रोमन लिपीत 'सी' असा लिहितात. पण तो आपला 'सी' नव्हे. जीभ दातांमागे ठेवून 'स' तसाच लांबवला म्हणजे त्याच्या जवळपास पोहोचता येते. जपानात एकेरी अक्षरालाच 'इतो' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'दोरा' असा करतात. आकृती तीच राहिली आणि समुद्र ओलांडताच उच्चार निराळा झाला.

परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. चीनमध्ये आज बोलताना हे एकेरी अक्षर स्वतंत्र शब्द म्हणून कोणी वापरीत नाही. रेशीम मागायचे तर लोक दुहेरी अक्षराचा उच्चार करतात. एकेरी अक्षर उरले आहे ते इतर अक्षरांचा एक भाग म्हणून. 1716 सालच्या खांगशी कोशातील 214 मूळ घटकांत ते 120 वे आहे आणि त्याच्याखाली आठशेच्या आसपास अक्षरे येतात. जाळे, दोरी, लाल रंग, कागद, शेवट, देणे, तुटणे, या साऱ्या अक्षरांच्या डाव्या अंगाला ते मुकाट्याने उभे असते. शाळकरी मुले त्याला त्याच्या नावाने ओळखीत नाहीत. 'पिळलेल्या रेशमाची बाजू' असे म्हणतात. शेकडो शब्दांना ज्याचा आधार, त्याला स्वतःच्या नावाने कोणी हाक मारीत नाही.

आपणा ख्रिस्ती वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पवित्र शास्त्राला चिनी भाषेत 'शंग-चिंग' म्हणतात. यातील 'चिंग'चा मूळ अर्थ मागावरील ताणा, म्हणजे उभे धागे. आडवे धागे येतात-जातात. ताणा कायम राहतो, त्यावर सारे वस्त्र उभे असते. यावरूनच पुढे कायम टिकणाऱ्या ग्रंथाला 'चिंग' हे नाव मिळाले. जुन्या आणि नव्या कराराच्या नावांत 'करार' या अर्थी जे अक्षर येते, त्याचा मूळ अर्थ बांधणे. या दोन्ही अक्षरांत डावीकडे आपले तेच रेशमाचे अक्षर आहे. धन्य गाब्रिएले आलेग्रा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या परिश्रमांतून संपूर्ण बायबलचे चिनी कॅथोलिक भाषांतर 1968 साली हाँगकाँग येथे प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावरही हे अक्षर आहे. आपल्याकडेही 'सूत्र' म्हणजे धागा आणि 'ग्रंथ' म्हणजे गाठ घालून बांधलेला. शहाणपण टिकवायचे तर ते ओवावे वा बांधावे लागते, हे दोन्ही देशांतील माणसांना आपापल्या परीने सुचले.

दोन कोश

'कोश' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो तो कोश आणि पंडित शब्द साठवून ठेवतात तोही कोश. संस्कृतात रेशमाला 'कौशेय' म्हणतात, म्हणजे कोशापासून झालेले. कालिदासाच्या 'शाकुंतला'त 'चीनांशुक' हा शब्द येतो, कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त 'चीनपट्ट' येतो. जुन्या मराठीत 'पाट', 'पाटाव' असे म्हणत. आज रूढ असलेला 'रेशीम' हा शब्द फारसी 'अब्रेशम'वरून आला. चीनचे वस्त्र, संस्कृतातील नाव, फारसीतून आलेला शब्द आणि मराठी तोंड, असा हा प्रवास आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कोणी त्याला 'रेसीम' म्हणते, तेव्हा तो प्रवास आणखी एक पाऊल पुढे गेलेला असतो.

या दोन कोशांत नावापलीकडचेही एक साम्य आहे. रेशमाचा धागा अखंड हवा असेल, तर कोशातील जीव जिवंत ठेवता येत नाही. वाफेने वा कडक उन्हाने तो आतच मारावा लागतो. त्याला जगू दिले, तर पतंग कोशाला भोक पाडून बाहेर येतो आणि धागा ठिकठिकाणी तुटतो. अशा फुटक्या कोशांचेही रेशीम निघते; त्याला हल्ली 'अहिंसा रेशीम' म्हणतात. ते कातून काढावे लागते आणि त्याला अखंड धाग्याची झळाळी नसते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात; त्या रेशमाला 'कोसा' म्हणतात. रानात राहून गेलेल्या टसरीच्या कोशालाही अशीच भोके पडलेली दिसतात.

शब्दकोशाचेही काहीसे असेच असते. कोशात शब्द अखंड, निर्दोष, सुबक राहतो. पण तो तेथे बोलत नाही. माणसांच्या तोंडी तो बोलतो, तेव्हा झिजतो, तुटतो, 'श'चा 'स' होतो, 'ण'चा 'न' होतो. जिवंतपणाची ती खूण असते. आम्ही कोशाच्या विरोधात नाही. कोश नसता, तर बारीक रेशमाचा तो 'मी' केव्हाच विसरला गेला असता. कोशाने अर्थ राखला, यासाठी त्याचे ऋण मानलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की अर्थ पुस्तकातून घेता येतो, उच्चार मात्र माणसाकडूनच घ्यावा लागतो. अर्थासाठी आपण कपाटाजवळ जातो आणि उच्चारासाठी शेजाऱ्याकडे. उच्चार शिकणे हे म्हणूनच नम्रतेचे काम आहे. त्यात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

मतदानाने ठरलेला उच्चार

याची एक बोलकी कथा चीनमध्येच घडली. निरनिराळ्या प्रांतांत एकच अक्षर निरनिराळ्या रीतीने उच्चारले जाते, यावर उपाय म्हणून 1913 साली पेकिंग येथे एक समिती बसली. सुमारे 6,500 अक्षरांचे उच्चार तिने मतदानाने ठरविले. प्रत्येक प्रांताला एक मत. कोठलाही प्रांत रुसू नये म्हणून थोडे उत्तरेचे, थोडे दक्षिणेचे असे घेऊन एक उच्चार तयार झाला. पण तो कोणाच्याच आईने आपल्या मुलाशी बोललेला उच्चार नव्हता. 1921 साली चाओ युआन-रेन या भाषापंडिताने तो शिकवण्यासाठी तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. ही भाषा बोलणारा जगात काही काळ आपण एकटाच होतो, असे तो पुढे विनोदाने सांगे. अखेरीस तो उच्चार सोडून द्यावा लागला आणि पेकिंगमधील माणसे प्रत्यक्ष बोलत होती, तो उच्चार प्रमाण मानला गेला.

समितीचा हेतू वाईट नव्हता. सर्वांना सारखा मान द्यावा, हीच तिची इच्छा होती. परंतु सर्वांचा म्हणून जो उच्चार सिद्ध झाला, तो कोणाचाच नव्हता. उच्चाराला जिवंत तोंड लागते, हे त्या विद्वानांना दहा-बारा वर्षांच्या खटाटोपानंतर मान्य करावे लागले.

नाणेघाटाची अक्षरे

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाट चढतो. कल्याण-सोपाऱ्याची बंदरे आणि जुन्नर-पैठणचा देश यांना जोडणारी ही सातवाहनकालीन व्यापारी वाट. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून तेथे आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. एके काळी तेथे सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमा नाहीत. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी राहिली आहेत.

ती नावेही कित्येक शतके मुकी होती. बैल हाकणारे, मीठ नेणारे, लाकूडफाटा आणणारे कित्येक पिढ्यांचे लोक त्या भिंतीसमोरून गेले. भिंतीवर अक्षरे आहेत हे सर्वांना दिसत होते. वाचता कोणालाच येत नव्हती. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा त्या भिंतीला वाचा फुटली. ती उलगडली कशी, हे सांगण्यासारखे आहे. सांचीच्या स्तूपावरील अनेक लहान लेख एकाच अक्षरजोडीने संपतात, हे प्रिन्सेपच्या लक्षात आले. लोकांनी दिलेल्या देणग्यांचे ते लेख असणार, म्हणून तो शब्द 'दानं' असावा, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. 'दान' हा शब्द या देशातील माणसांच्या तोंडी तोवर जिवंत होता, म्हणून दगडावरील अक्षर बोलू शकले. तो शब्द लोकांच्या तोंडून नाहीसा झाला असता, तर प्रिन्सेपच्या बुद्धीलाही वाट सापडणे कठीण होते.

तेथील राणीचे नावही पाहण्यासारखे आहे. प्रतिमेवरील छोट्या लेखात ते 'नायनिका' असे आहे. आपण इतिहासात 'नागनिका' असे म्हणतो. तिच्या काळच्या प्राकृत बोलीत 'ग'चा 'य' होणे नवलाचे नव्हते. पंडितांनी नावाचे मूळ शोधून ते शुद्ध केले, आणि दगडावर मात्र लोक तिला ज्या नावाने हाक मारीत, तेच नाव राहिले.

आपले नाव वाकवणारे लोक

1578 साली मातेओ रिच्ची आणि मिकेले रुज्जेरी हे दोन तरुण येशूसंघीय गोव्यात उतरले. पुढच्याच वर्षी, 1579 मध्ये, तेथे फादर थॉमस स्टीफन्स आले. पहिले दोघे पुढे चीनला गेले, तिसरे आयुष्यभर गोव्यात राहिले. स्टीफन्स यांनी येथील लोकांची बोली त्यांच्याच तोंडून आत्मसात केली आणि 1616 साली ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' सिद्ध केले. देवनागरी खिळे नसल्यामुळे तो ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्यातील मराठी उच्चार केवळ छापील अक्षरांवरून लागणारे नव्हते. ज्याला मराठी बोलता येत होते, त्यालाच ती ओवी गाता येत होती. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने पुण्यात 1956 साली निघाली. मधल्या साडेतीनशे वर्षांत ती ओवी वाचली गेली, ती लोकांच्या जिभेच्या बळावर.

रिच्चींपुढील अडचण निराळी होती. चिनी भाषेत आवाजाचा चढउतार बदलला की शब्दच बदलतो. 1598 साली पेकिंगहून परतताना नावेतील प्रवासात त्यांनी आणि संगीताचे जाणकार असलेल्या लाझारो कात्तानेओ यांनी हे चढउतार टिपण्यासाठी खुणांची एक पद्धत बसविली. परंतु आम्हांला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. 'रिच्ची' या नावातील 'र' चिनी जिभेला येत नव्हता. तेव्हा रिच्ची 'ली' झाले, 'मातेओ'चे 'मातौ' झाले आणि ते आयुष्यभर 'ली मातौ' म्हणून वावरले. दुसऱ्यांचे शब्द बिनचूक उच्चारण्यासाठी त्यांनी वर्षे वेचली आणि स्वतःचे नाव मात्र दुसऱ्यांच्या तोंडी जसे बसेल तसे बसू दिले. ज्याच्या हाती विद्या वा अधिकार आहे, त्याने दुसऱ्याचा उच्चार शिकावा. आपल्या उच्चाराचा आग्रह धरू नये, हा धडा त्यातून मिळतो.

याच्या अगदी उलट प्रसंग पवित्र शास्त्रात 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी सैनिक पळणाऱ्या एफ्राइमींना एक शब्द म्हणायला लावीत. ज्याला त्या शब्दातील 'श' म्हणता आला नाही आणि ज्याच्या तोंडून 'स' निघाला, तो तेथेच मारला जाई. अशी 42,000 माणसे पडली, असे ते पुस्तक सांगते. शब्दाच्या अर्थाशी कोणाला कर्तव्य नव्हते. उच्चार हा तेथे माणूस ओळखण्याऐवजी माणूस वेगळा काढण्याचे साधन झाला होता.

आमच्या पाड्यांवरील नावे

'श'चा 'स' म्हटला म्हणून शहापूर-मुरबाडमध्ये कोणाचा जीव जात नाही. परंतु वर्गात सगळी मुले हसतात, आणि हसू ऐकलेले मूल दुसऱ्या दिवशी हात वर करीत नाही. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांतील मुलांची घरची बोली निराळी असते. त्यातही कातकरी समाज शासनाने अति असुरक्षित आदिम जमात मानलेला. पावसाळा सरला की त्यातील अनेक कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मूल एका शाळेत नाव घालून दुसऱ्या गावी जाते. तेथे पुन्हा कोणी त्याचे नाव आपल्या कानाला लागेल तसे लिहून घेते.

एखाद्या मुलीचे उदाहरण घेऊ. बुधवारी जन्मली म्हणून घरी तिला 'बुधी' म्हणतात. शाळेत कोणी ते 'बुद्धी' असे सुधारून लिहितो. शिधापत्रिकेवर 'बुधाबाई' येते. आधार कार्डावर रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत येताना आणखी एखादे रूप निघते. आई ज्या मुलीला हाक मारते, ती एकच. कागदांवर मात्र चार मुली होतात. मोठेपणी जातीचा दाखला काढायचा असो, वा 2006 च्या वनहक्क कायद्याखाली बापाच्या दाव्यात वारस म्हणून नाव लावायचे असो, 'नावात तफावत' असा शेरा पडतो. मग प्रतिज्ञापत्र, तालुक्याच्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला बुडणारी एक दिवसाची मजुरी. लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून विचारले असते, तर हे सारे टळले असते. त्याने दुष्टपणा केलेला नसतो, फक्त ऐकलेले नसते.

चीनमध्येही असे घडले आहे. ज्यांच्या नावांत विरळ अक्षरे आहेत, अशा लोकांची संख्या तेथे सुमारे सहा कोटी सांगितली जाते. ओळखपत्रे संगणकावर निघू लागली, तेव्हा संगणकात नसलेल्या अक्षरांच्या माणसांची कुचंबणा झाली. युन्नान प्रांतातील लिसू या डोंगरी जमातीच्या एका गावात तर लोकांना आपले परंपरागत आडनाव सोडून 'बदक' या अर्थाचे आडनाव लावून घ्यावे लागले, कारण ते अक्षर यंत्राला ठाऊक होते. पुढे 1 ऑगस्ट 2023 पासून तेथे नवे प्रमाण अंमलात आले. त्यात 87,887 चिनी अक्षरांना जागा आहे. नावापुढे यंत्राला वाकावे लागले, पण त्याआधी कित्येक माणसांना यंत्रापुढे वाकावे लागले होते.

आणि आता त्या रेशमाच्या अक्षराशी आमच्या तालुक्यांचा जो संबंध आम्ही म्हटला, तो सांगतो. मुंबईच्या घराघरांत नळ सुटतो, तेव्हा त्यात तानसा (1892), भातसा आणि मध्य वैतरणा (2014) यांचे पाणी असते. यातील बराच साठा शहापूर तालुक्याच्या डोंगरांत आहे. पाणी पिणाऱ्यांना तलावांची नावे शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतात. त्या तलावांकाठच्या पाड्यांची नावे विचारली, तर किती जणांना सांगता येतील? त्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. शेकडो शब्दांच्या डाव्या अंगाला ते अक्षर उभे असते आणि कोणी त्याला नावाने हाक मारीत नाही, असे आम्ही वर लिहिले. ते लिहिताना आमच्या मनात हेच पाडे होते.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की मग प्रमाण भाषा शिकवायचीच नाही काय? शुद्धलेखन सोडून द्यायचे काय? मुलाला पुढे मुलाखतीला जायचे आहे, अर्ज लिहायचा आहे. 'रेसीम' म्हणून त्याचे कसे निभेल? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावणे बरे नव्हे. प्रमाण भाषा ही सर्वांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून केलेली सोय आहे आणि ती गरिबाच्या मुलाला नाकारणे हा अन्यायच होईल. त्याला 'रेशीम' लिहिता आलेच पाहिजे. परंतु 'रेशीम' शिकवण्यासाठी 'रेसीम'ला हसण्याची गरज नसते. मुलाला दुसरा उच्चार द्यावा. पहिला हिरावून घेऊ नये. दोन उच्चार येणारे मूल एका उच्चाराच्या मुलापेक्षा श्रीमंत असते.

नावाच्या बाबतीत मात्र हाही वाद उरत नाही. शब्द सर्वांचा असतो, म्हणून त्याचे प्रमाण सर्वांनी मिळून ठरवता येते. नाव एकाचे असते. त्याचा शुद्ध उच्चार कोणत्याही कोशात नसतो. ज्या आईने ते ठेवले तिच्या तोंडी असतो. तेथे पदवीधर, लेखनिक, शिक्षक, धर्मगुरू हे सारे शिकाऊ ठरतात. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मेंढरे त्याचा आवाज ओळखतात, कारण हाक नेमकी असते. नाव चुकवून मारलेली हाक मोठ्याने मारली, तरी पोहोचत नाही.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की शब्द एकट्या जाणणाऱ्याजवळ नसतो आणि एकट्या उच्चारणाऱ्याजवळही नसतो. एक तंतू इतका बारीक असतो की त्याने काहीच विणता येत नाही. शब्दही असाच अनेकांच्या ओढीने बनतो. कोशाने अर्थ जपावा, तोंडाने उच्चार जपावा आणि जाणत्याने उठून बोलणाऱ्याच्या दारी जावे.

हे काम मोठ्या योजनांचे नाही. आपल्यापैकी कोणी शाळेत शिकवतात, कोणी पतपेढीत वा कचेरीत लिहितात, कोणी स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवतात, कोणी जनगणनेच्या वेळी घरोघर फिरतात. वही उघडल्यावर आणि लेखणी टेकवण्यापूर्वी समोरच्या माणसाला एवढेच विचारावे, "घरी तुम्ही हिला काय म्हणता?" उत्तर ऐकावे, ते एकदा आपल्या तोंडाने म्हणून दाखवावे, त्यांनी मान हलवली की मग लिहावे.